एक पत्ती, अकरा वर्षं

आमच्या मानोऱ्यातल्या पार्लरवाल्या काकूंना मिशी होती.

लव वगैरे नाही हो, चांगली मिशी. ओठाच्या दोन्ही कडांना दाट, मधे जराशी विरळ, चहा पिताना ओली होणारी. बसस्टँडजवळच्या एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांची ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी होती. जिना चढून आलेली नवी बाई दारातच थबकायची. जी स्वतःच्या ओठावरचं काढत नाही ती आपलं काय काढणार! पण एकदा त्या खुर्चीत बसलेली बाई पुन्हा दुसरीकडे गेली असं फारसं झालं नाही. हात तसा होता त्यांचा.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मानोऱ्यात आता चार-पाच पार्लरं आहेत, काचेच्या दाराची, एसीची. मी माहेरी गेले की जाते त्यातल्या एकात. पोरगी कानात इअरफोन घालून माझ्या भुवया करते आणि एक शब्द बोलत नाही. मला तर चुकल्या-चुकल्यासारखं होतं. काकूंकडे शांतता नावाची भानगडच नव्हती.

त्यांचा समोरचा एक दात पडलेला. धाग्याचं टोक बायका दातात धरतात, काकूंनी ते गळ्यात बांधून घेतलेलं असायचं. त्यामुळे तोंड रिकामं, आणि रिकाम्या तोंडाचा त्या पुरेपूर उपयोग करायच्या. ओठावरचे केस उपटताना डोळ्यांत पाणी येतंच. कोणी ‘आई गं’ म्हणालं की हात थांबायचा.

“आईनं काय केलं वं तुह्यं? ज्याचा राग असन त्याचं नाव घे. मोठ्यानं घे.”

हा नियमच होता. दुखलं की ज्याचा राग आहे त्याचं नाव घ्यायचं. मग त्या खोलीतून सासवांची, जावांची, कॉपी पकडणाऱ्या सरांची नावं खाली रस्त्यापर्यंत ऐकू यायची. एकदा खालच्या कृषी केंद्राच्या मालकाला वरून स्वतःचंच नाव ऐकू आलं. बिचारा अर्धा जिना चढून आला, “काय झालं? कोनं बोलावलं?” त्याची भावजय खुर्चीत होती. काकू म्हणाल्या, “काही नाई भाऊ, जा तुमी, तुमची आठवन काढून राह्यली.” नवऱ्याचं नाव मात्र कोणी घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव आमच्याकडे उखाण्यात घेतात, तेही लाजत.

वॅक्स त्या घरीच करायच्या. साखर, लिंबू, पाणी; चिक्कीचा पाक करावा तसा ढवळत बसायच्या आणि थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायच्या. जुन्या जीन्स कापून पट्ट्या केलेल्या, धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. केस काढायच्या प्रत्येक प्रकाराबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं आणि न विचारता मिळायचं. “धागा सांगून दुखवते, क्रीम न सांगता.” ब्लीचचा तर त्यांना रागच. “केस तथीच, फक्त त्याले रंग मारून ठेवते. घराले चुना मारल्यानं पाल जाते का?” अकोल्याला जाऊन लेझर करून आलेली एक मुलगी वर्षभराने पुन्हा हनुवटी घेऊन आली, तेव्हा काकूंनी धागा हातातही धरला नाही. आधी विचारलं, “पाळी बरोबर येते का?” नाही म्हटल्यावर तिला सरळ डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. “हे केस आतून येऊन राह्यले बाई, मी बाहेरून काय करू?” आपलं गिऱ्हाईक असं दुसरीकडे धाडणारी पार्लरवाली मी तरी पुन्हा पाहिली नाही.

आणि रेझर. रेझरनं केस राठ होतात असं कोणी म्हटलं की काकू उसळायच्या. “झूट! साफ झूट! टोक कापलं जाते म्हनून हाताले राठ लागते, बाकी काही नाई. अन् पत्ती चांगली पाह्यजे. आताच्या पत्त्या चार दिवसात मरते. आमच्या टायमाले एक पत्ती अकरा वर्षं चालत होती.”

पत्ती म्हणजे ब्लेड. आम्ही पोरी एकमेकींकडे बघून हसायचो. अकरा वर्षं एक ब्लेड! काकूंच्या बाकी गोष्टी खऱ्या मानायचो, ही मात्र थाप म्हणून सोडून द्यायचो. त्या मात्र दर महिन्याला तितक्याच ठामपणे ते सांगायच्या.

मला हनुवटीला केस यायला लागले ते बारावीत. सुरुवातीला तीन, मग मोजायचं सोडून दिलं. आईच्या मते सगळा दोष माझ्या जन्माच्या वेळी आलेल्या मालिशवाल्या बाईचा. तान्ह्या पोरीला पिठाच्या गोळीनं चोळतात, अंगावरची लव जाते म्हणून. त्या बाईनं पाठ चोळली, हात चोळले आणि हनुवटी विसरली! वीस वर्षांनंतरही आई त्या बाईला रस्त्यात पाहिलं की तोंड फिरवायची.

मी दर पंधरा दिवसांनी काकूंकडे जायचे. त्यांनीच मलाही डॉक्टरीणबाईंकडे धाडलं होतं, गोळ्याही चालू होत्या, पण केस काही ऐकत नव्हते. बी.एड. झालं, स्थळं यायला लागली आणि तिथे आमचं वाजलं. कारण काकूंच्या भिंतीवर स्केचपेननं लिहिलेला एक कागद होता: ‘पाहण्याच्या कार्यक्रमासाठी ओठ व हनुवटी करून मिळणार नाही.’

भुवया करतील. हाताला वॅक्स करतील. लग्न ठरलं की नवरीला डोक्यापासून पायापर्यंत चकाचक करून देतील. पण पाहुणे यायच्या आधी ओठाला आणि हनुवटीला हात लावणार नाहीत. तांड्यावरच्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या आधी पोरींची लग्नं उरकायच्या घाईत यायच्या, हाता-पाया पडायच्या. काकू हलायच्या नाहीत. कित्येक जणी चिडून समोरच्या पार्लरात गेल्या.

मी पण चिडले. आधीची दोन स्थळं उंचीवरून गेली होती, आणि हे जऊळक्याचं स्थळ आईच्या फार मनात भरलेलं. मुलगा शिकलेला, शेती, स्टेशनजवळ दुकान, घरात तीनच माणसं. हे गेलं तर आई अंथरूण धरील अशी परिस्थिती.

“काकू, एवढ्या वेळी करा ना.”

“कोनासाठी?”

“कोणासाठी म्हणजे? पाहुण्यांसाठी!”

“मंग पाव्हन्यांले दिसू दे नं. जे लपवून नेलं ते रोज लपवा लागते. उद्या सांगता येत नाई, परवा तं बिलकुलच नाई.”

“तुम्हाला काय जातं बोलायला? तुमचं कुठं लग्न व्हायचंय?” असं मी म्हणाले. होय, म्हणाले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. काकूंनी फक्त पावडरच्या डबीचं झाकण लावलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

मग मी शहाणीनं क्रीम आणली. शनिवारी दुपारी हनुवटीला थापली. पाच मिनिटं ठेवायची. तेवढ्यात जऊळक्याहून फोन आला, चार माणसं येणार, मुलाच्या मामाला साखरेचा त्रास आहे. आईनं मला हाक मारली, बिनसाखरेच्या चहाचं काय, पोह्यांत शेंगदाणे चालतील का, यात पंचवीस मिनिटं गेली. धुतलं तर केस गेलेले, पण हनुवटी टोमॅटोसारखी लाल, आणि आग आग. आईनं घाबरून घरचा इलाज केला: बेसन, हळद, वरून लिंबू पिळलं! लिंबू! मी अंगणात नाचले अक्षरशः. अर्ध्या तासानं आरशात पाहिलं तर लालवर पिवळं, आणि मधे दोन काळपट चट्टे.

जायचं कुठं? तोंडाला ओढणी गुंडाळून काकूंचाच जिना चढले. वाटलं, आता ऐकवतील. काकूंनी ओढणी बाजूला केली, “माय वं माय!” एवढंच म्हणाल्या. बर्फ फडक्यात गुंडाळून दाबला, तेलाच्या डब्यात लावलेल्या कोरफडीचं पान चिरून गर लावला, फुंकर घालत बसल्या. मी रडत होते. दुखतंय म्हणून आणि लाजेनंही.

“नाव घे,” काकू म्हणाल्या.

मी स्वतःचंच नाव घेतलं. काकू खदाखदा हसल्या. निघताना विचारलं, “उद्या किती वाजता येऊन राह्यले?”

मी अकरा म्हणून सांगितलं. का विचारतात हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी पाहुणे बसले, मी पोह्यांची ताटली घेऊन आत आले, तर दारातून काकू हजर. जांभळी साडी, डोक्याला तेल, आणि मिशी नीट कंगव्यानं विंचरलेली. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “ह्या शेजारच्या काकू,” ती कशीबशी म्हणाली. काकू येऊन माझ्या शेजारी ऐसपैस बसल्या.

आणि एक चमत्कार झाला. कोणी माझ्याकडे बघेचना! मामा बघतोय काकूंच्या मिशीकडे. मुलाचे वडील बघतायत, मग छताकडे, मग पुन्हा मिशीकडे. मुलाच्या आईची तर नजरच हटत नव्हती. मामाला काय प्रश्न विचारायचे तेच आठवेना. “स्वयंपाक येते का” हे त्यानं दोनदा विचारलं. पावडर थापलेल्या माझ्या हनुवटीकडे एक माणूस बघत नव्हता. मी मनात म्हटलं, काकू, काय डोकं आहे तुमचं! माझं झाकायला स्वतःची मिशी घेऊन आल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आणि त्याच क्षणी काकू बोलल्या.

“बापू,” त्या मुलाकडे वळल्या, “पोरीच्या हनुवटीले केस येते. कालच क्रीम लावून भाजून घेतलं तिनं, म्हनून ही पावडर हाये. डॉक्टरची दवा चालू हाये, बाकी तब्येत टनटनीत. पंधरा दिवसाले एकदा काढा लागते. मी काढून देतो. पाहून घ्या, मंग काय ते सांगा.”

मामाचा कप बशीवर आपटला. आई भिंतीला टेकली. माझे वडील खोकायला लागले, ते थांबेचनात. मला वाटलं, धरणीमाय, पोटात घे. काकूंचा इतका राग मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही नाही.

मुलानं हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाला, “मले तं रोज दाढी करा लागते. हिले पंधरा दिवसातून एकदा. हिचं बरं हाये.”

कोणी हसलं नाही. कारण सगळे त्याच्या आईकडे बघत होते, आणि ती उठून उभी राहिली होती. संपलं, असं मला वाटलं. ती आईला म्हणाली, “बाथरूम कुठी हाये?” दाखवायला काकूच उठल्या. मी पण स्वयंपाकघरात पळाले. मोरीजवळ त्या दोघी उभ्या होत्या आणि मुलाची आई खालच्या आवाजात बोलत होती.

“बाई, मलेही येते. तीस वर्षं झाले. चिमट्यानं काढतो. घरात कोनाले मायीत नाई, ह्याइलेही नाई. तुमी मले करून द्यान का?”

“देतो नं. कवा येता?”

पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि मामानं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, “मले पोरगी पसंत हाये.”

त्या माझ्या सासूबाई. घरात कोणापासून दुसरं काही लपवायच्या नाहीत, पण ही एक गोष्ट लपवायला चाळीस गोष्टी करायच्या. लग्नानंतर दर महिन्याला आम्ही दोघी जऊळक्याहून मानोऱ्याला जायला लागलो, आणि त्यासाठी कारण पाहिजे म्हणून सासूबाई दर महिन्याला माझ्या आईला आजारी पाडायच्या. कधी गुडघे, कधी पित्त. सासरे बिचारे विहिणीसाठी संत्री द्यायचे. ती संत्री काकूंच्या पार्लरात बसून आम्ही तिघी खायचो.

अशाच एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, सासूबाईंनी विचारलं, “तुमी सगळ्याइचं काढता. सोताची काहून ठेवली वो बाई?”

मला हा प्रश्न इतकी वर्षं विचारायची छाती झाली नव्हती. काकू संत्र्याची साल एका लांब पट्टीत सोलत होत्या. सोलता सोलताच बोलल्या.

“माह्यं सासर किन्हीराजाचं. पाहाले आले तवा मामीनं ओठ साफ करून, पावडर लावून बसवलं. लगीन झालं. आता कसं सांगाचं? त्याच्या लग्नातली दाढीची मशीन फळीवर पडेल होती. तो तं बाजाराच्या दिवशी न्हाव्याकडे बसे, मशीनले हात नाई लावे. मी रोज तो उठाच्या आदी उठत होती, गोठ्यामांगं जाऊन, तीच मशीन. अकरा वर्षं. मशीन जागच्या जागी ठेवून देत होती. पत्ती चांगली होती म्हनून निभलं.”

“मग?” मी विचारलं.

“मंग त्याले ताप आला, आठ दिवसात गेला. तेरवी झाली. सकाळी सवयीनं उठली, मशीन घेतली, अन् ठेवून देली. कोनासाठी काढू? तवापासून हे अशी.” त्यांनी ओठावरून बोट फिरवलं. “याचं काही नाई वाटत. त्याले मायीत होतं का नाई, हे इचाराचं राहून गेलं. ते मातर टोचते. मायीत असतं तं मले अकरा वर्षं झोपू देलं असतं नं त्यानं?”

येताना एसटीत सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला कळलं होतं त्यांच्या मनात काय चाललंय. तीस वर्षं झाकलेलं उघडायचं म्हणजे खेळ नाही. घरी आलो, हात-पाय धुतले, सासरे ओसरीवर पेपर वाचत बसले होते. सासूबाई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराआड.

“ऐकता का? मले हनुवटीले केस येते.”

सासऱ्यांनी पेपर खाली केला नाही.

“हाव. तो चिमटा गादीखाली नको ठेवत जाऊ. गंजते. दोनदा तं मीच नवा आनून ठेवला.”

सासूबाई तिथेच खाली बसल्या. “दोनदा?” त्या म्हणाल्या. “मले समजलंच नाई!”

“समजू नाई म्हनूनच तसाच पाहून आनला. तू लपवत होती, मंग मी काहून काढू?” आणि पान उलटलं. “विहीनबाईची तब्येत कशी हाये आता?”

पुढच्या महिन्यात आईला आजारी पाडायची गरज पडली नाही. सासऱ्यांनीच बसमध्ये बसवून दिलं. ही बातमी काकूंना सांगायची म्हणून सासूबाईंना धीर निघत नव्हता. खुर्चीत बसल्या, काकूंनी गळ्यातला धागा ताणला, हनुवटीची डावी बाजू झाली आणि सासूबाईंनी सगळं सांगायला सुरुवात केली. पेपर, गादी, गंज, सगळं. काकू हसून हसून लोटपोट. “तसाच पाहून आनला म्हने! वा रे माह्या भाऊ! अन् तुमाले वाटे, चिमटा तोच!”

आणि हसता हसता त्या थांबल्या.

धागा दोन्ही हातांत तसाच होता, फक्त ढिला पडला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी शाळेत शिकवते, त्यामुळे असले प्रश्न त्या मलाच विचारायच्या.

“पोरी, खरं सांग. एक पत्ती अकरा वर्षं चालते का वं?”

 किती वर्षं हसलो होतो आम्ही त्या वाक्यावर!

“नाही, काकू,” मी म्हणाले. “पंधरा दिवस. फार तर महिना.”

काकू बाजूच्या स्टुलावर बसल्या.  बोटांवर काहीतरी मोजत होत्या, मग मोजायचं सोडून दिलं. सासूबाईंनी खुर्चीतून हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“तुमच्या पार्लरातला नियम काय हाये बाई?” सासूबाई हळूच म्हणाल्या. “दुखलं का ज्याचा राग असन त्याचं नाव घ्याचं. घ्या.”

काकूंनी पदरानं नाक पुसलं. आणि मग त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, लाजणं नाही, तोंडभर नाव, इतक्या मोठ्यानं की खालच्या कृषी केंद्रातला गलका थांबला.

“मुडद्या!” त्या ओरडल्या, “सांगाचं तं होतं! झोपली असती मी!”

मग उठल्या, धागा ताणला आणि सासूबाईंची राहिलेली अर्धी हनुवटी करायला घेतली.